जगजीवनराम यांचे पक्षांतर: 1977 मध्ये काय घडले आणि आपण ते कसे वाचावे

जगजीवनराम (5 एप्रिल 1908 – 6 जुलै 1986) हे स्वतंत्र भारतातील सर्वाधिक काळ केंद्रीय मंत्री राहिलेल्या नेत्यांपैकी एक. मजूर, दळणवळण, रेल्वे, अन्न व शेती, संरक्षण अशी मोठी खाती त्यांनी सांभाळली. 1936 ते 1986 अशी सलग पन्नास वर्षे ते कोणत्या ना कोणत्या कायदेमंडळाचे सदस्य होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ काँग्रेसमध्ये राहिल्यानंतर 2 फेब्रुवारी 1977 रोजी त्यांनी पक्ष आणि मंत्रिपद दोन्ही सोडले. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीचे वारे फिरवणाऱ्या घटनांत या राजीनाम्याची गणना होते. त्यानंतर दोनदा ते पंतप्रधानपदाच्या अगदी जवळ पोहोचले आणि दोन्ही वेळा ते पद दुसऱ्याकडे गेले किंवा सभागृहच विसर्जित झाले.

आंबेडकरी चळवळीत जगजीवनराम यांचे नाव बहुधा एकाच वाक्यात निकाली निघते: "ते काँग्रेसचे हरिजन नेते होते." आमच्या अभ्यासवर्गांतही तरुण हेच म्हणतात. हे वाक्य पूर्ण खोटे नाही, पण त्याने फार काही कळतही नाही. आज आपल्या गल्लीतल्या नगरसेवकापासून दिल्लीतल्या मंत्र्यापर्यंत पक्षबदल रोजचा झाला आहे. अशा वेळी आपल्या समाजातल्या नेत्याच्या पक्षांतराकडे कोणत्या कसोटीने पाहायचे हे ठरवण्यासाठी जगजीवनराम यांची कारकीर्द नीट माहीत असणे आवश्यक आहे, असे आम्हाला वाटते.

ठळक टप्पे

- 1908: बिहारमधील आरा शहराजवळील चांदवा गावी चर्मकार समाजात जन्म
- 1931: कलकत्ता विद्यापीठाची विज्ञान पदवी
- 1935: अखिल भारतीय दलित वर्ग संघाच्या (डिप्रेस्ड क्लासेस लीग) स्थापनेत सहभाग
- 1936: बिहार विधान परिषदेवर नियुक्ती; 1937: बिहार विधानसभेवर निवड
- 1946: हंगामी सरकारमध्ये मजूर मंत्री
- 1956 ते 1962: रेल्वे मंत्री
- 1963: कामराज योजनेनुसार मंत्रिपदाचा राजीनामा
- 1969: मुंबई अधिवेशनात काँग्रेसचे (इंदिरा गट) अध्यक्ष
- 1970 ते 1974: संरक्षण मंत्री
- 2 फेब्रुवारी 1977: काँग्रेसचा राजीनामा, 'काँग्रेस फॉर डेमोक्रसी'ची स्थापना
- जानेवारी 1979: उपपंतप्रधान
- 1980: जनता पक्ष सोडून काँग्रेस (अर्स) मध्ये, 1981: स्वतःचा काँग्रेस (जे)
- 6 जुलै 1986: निधन

बालपण आणि शिक्षण

वडील शोभीराम शिवनारायणी पंथाचे महंत होते. ते लवकर वारले आणि आईने मुलाला शिकवले. आऱ्याच्या शाळेतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी येतो. शाळेत हिंदू आणि मुसलमान मुलांसाठी पाण्याचे वेगवेगळे माठ होते. जगजीवनराम हिंदूंच्या माठातून पाणी प्यायले तेव्हा अस्पृश्य मुलांसाठी तिसरा माठ ठेवण्यात आला. त्यांनी तो फोडला. पुन्हा ठेवला, पुन्हा फोडला. अखेर मुख्याध्यापकांना तिसरा माठ बंद करावा लागला.

पुढे पंडित मदनमोहन मालवीय यांच्या आग्रहामुळे ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तिथे वसतिगृहात आणि गावात त्यांना अस्पृश्यतेचा अनुभव आला. केस कापायला न्हावी तयार नव्हता, भोजनगृहात भांडी मिळत नव्हती. ते बनारस सोडून कलकत्त्याला गेले आणि तिथून पदवीधर झाले. कलकत्त्यात त्यांनी रविदास सभा भरवल्या आणि मजुरांमध्ये काम सुरू केले. 1928 मधील मजुरांच्या मोठ्या मेळाव्यामुळे सुभाषचंद्र बोस यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

तिसरा माठ फोडणारा हा मुलगा पुढे आयुष्यभर 'हिंदूंच्या माठातले पाणी आमचेही आहे' या भूमिकेवर राहिला. त्यांचे राजकारण समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

1935: एकाच वर्षी दोन वाटा

24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. याचा अर्थ असा की, राखीव जागेवर उभा असलेला उमेदवार अस्पृश्य असला तरी त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार सवर्ण होते. आपल्या समाजाची मते मिळवून जिंकता येईल याची खात्री राहिली नाही. मोठ्या पक्षाचा आधार असेल तर मात्र जिंकणे सोपे झाले.

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याच वर्षी जगजीवनराम दलित वर्ग संघाच्या कामात उतरले. बाबासाहेबांची वाट हिंदू धर्म आणि काँग्रेस या दोहोंच्या बाहेर जाणारी होती. जगजीवनराम यांची वाट दोहोंच्या आत राहून हक्क मागणारी होती. देवळे आणि विहिरी खुल्या करा ही मागणी त्यांनी हिंदू महासभेच्या व्यासपीठावरूनही मांडली. 1937 मध्ये त्यांनी बिहारमध्ये शेतमजुरांची संघटना उभी केली, 1940 आणि 1942 मध्ये तुरुंगात गेले. म्हणजे ते नुसते नेमलेले प्रतिनिधी नव्हते, जमिनीवर काम करणारे कार्यकर्ते होते. पण त्यांच्या संघाचे राजकीय घर काँग्रेस हेच होते.

1946 च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मोठा पराभव झाला. त्याच वर्षी कॅबिनेट मिशनपुढे दोन बाजू गेल्या: बाबासाहेब फेडरेशनच्या वतीने आणि जगजीवनराम दलित वर्ग संघाच्या वतीने. अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी कोण, या प्रश्नावर काँग्रेसने जगजीवनराम यांना पुढे केले. आपल्या चळवळीत त्यांच्याविषयी जी कटुता आहे तिचे मूळ इथे आहे, आणि ते समजण्यासारखे आहे. बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने बंगालमधून निवडून यावे लागले.

मजूर खाते: बाबासाहेबांनंतर जगजीवनराम

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कारखान्यातील आठवड्याचे तास 54 वरून 48 करणारी 1946 ची दुरुस्ती, किमान वेतनाचे विधेयक, कामगारांच्या आरोग्य विम्याची तयारी, सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय चर्चा या सगळ्याची पायाभरणी त्या चार वर्षांत झाली. 2 सप्टेंबर 1946 रोजी हंगामी सरकार आले आणि हेच खाते 38 वर्षांच्या जगजीवनराम यांच्याकडे गेले. ते त्या मंत्रिमंडळातील सर्वांत तरुण मंत्री होते.

त्यांच्या कार्यकाळात पुढील कायदे झाले:

- औद्योगिक विवाद कायदा, 1947
- किमान वेतन कायदा, 1948
- कर्मचारी राज्य विमा कायदा, 1948
- कारखाने कायदा, 1948
- कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा, 1952

यातल्या बऱ्याच कायद्यांचा आराखडा बाबासाहेबांच्या काळातला आहे. पण आराखडा कायद्यात उतरवणे हेही काम असते आणि ते जगजीवनराम यांनी केले. राजकारणात एकमेकांविरुद्ध उभे असलेल्या दोन दलित नेत्यांच्या हातून एकाच खात्यातून देशाच्या कामगारांचे संरक्षण उभे राहिले. कामगार चळवळीच्या इतिहासात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आपणही ती सांगत नाही.

रेल्वे आणि बढतीतील आरक्षण

आज बढतीतील आरक्षणावर आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. या प्रश्नाच्या न्यायालयीन इतिहासाची सुरुवात रेल्वेपासून होते. जगजीवनराम रेल्वे मंत्री असताना 1959 मध्ये रेल्वे बोर्डाने परिपत्रके काढून निवडीने भरल्या जाणाऱ्या बढतीच्या पदांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण दिले. दक्षिण रेल्वेतील एका कर्मचाऱ्याने त्याला आव्हान दिले. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगाचारी खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हे आरक्षण वैध ठरवले. पुढे 1992 च्या मंडल निकालाने बढतीतील आरक्षण नाकारले आणि 1995 मध्ये 77 वी घटनादुरुस्ती करून ते परत आणावे लागले. मधल्या तीन दशकांत रेल्वेतले आणि इतर केंद्रीय खात्यांतले दलित कर्मचारी वरच्या पदांवर जाऊ शकले त्यामागे ही परिपत्रके आणि हा निकाल होता. महाराष्ट्रातील कितीतरी बौद्ध कुटुंबांची पहिली शिकलेली पिढी रेल्वेच्या पगारावर उभी राहिली.

म्हणून "आत राहून त्यांनी काय केले?" या प्रश्नाचे उत्तर "काहीच नाही" असे देता येत नाही.

काँग्रेसमधील वजन आणि त्याची मर्यादा

1963 मध्ये कामराज योजनेनुसार सहा केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले, त्यांत जगजीवनराम होते. 1966 मध्ये ते परत मंत्रिमंडळात आले. 1967 नंतर अन्न व शेती खाते त्यांच्याकडे आले. दुष्काळ आणि धान्यटंचाईचा तो काळ होता आणि हरितक्रांतीची सुरुवातीची वर्षेही तीच. 1969 मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा त्यांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली आणि डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनात त्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1971 च्या बांगलादेश युद्धात ते संरक्षण मंत्री होते.

त्यांच्यावर टीकाही झाली. दहा वर्षे आयकराची विवरणपत्रे न भरल्याचे प्रकरण त्या काळी गाजले आणि पंतप्रधानांनी, कामाच्या व्यापात त्यांच्या हातून ते राहून गेले असे म्हणून त्यांना सांभाळून घेतले. अशा प्रसंगातून नेता वाचतो, पण ज्याने वाचवले त्याचा मिंधाही होतो.

25 जून 1975 रोजी आणीबाणी लागू झाली. 21 जुलैला लोकसभेत आणीबाणीला मान्यता देणारा ठराव मांडला तो जगजीवनराम यांनी. पुढचे दीड वर्ष ते मंत्रिमंडळात राहिले. हजारो राजकीय कार्यकर्ते तुरुंगात असताना त्यांनी जाहीर विरोध केला नाही. हा त्यांच्या कारकिर्दीवरचा मोठा डाग आहे आणि त्यांच्या चाहत्यांनीही तो झाकू नये.

2 फेब्रुवारी 1977

18 जानेवारी 1977 रोजी इंदिरा गांधींनी लोकसभेच्या निवडणुका जाहीर केल्या. विरोधी नेते सुटले, जनता पक्ष आकाराला आला. पण विरोधकांकडे पैसा नव्हता, वेळ नव्हता आणि काँग्रेसच हरू शकते असा विश्वास लोकांत नव्हता. अशा वेळी 2 फेब्रुवारीला जगजीवनराम यांनी राजीनामा दिला. हेमवतीनंदन बहुगुणा, नंदिनी सत्पथी, के. आर. गणेश आदी नेते त्यांच्यासोबत बाहेर पडले आणि 'काँग्रेस फॉर डेमोक्रसी' हा पक्ष स्थापन झाला. आणीबाणी उठवा आणि पक्षातली हुकूमशाही संपवा, या त्यांच्या मागण्या होत्या.

परिणाम लगेच दिसला. सर्वांत जुना मंत्री आणि देशातला सर्वांत मोठा दलित नेता बाहेर पडू शकतो, तर सरकारची भीती बाळगायचे कारण नाही, असा संदेश गेला. दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती त्या संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' चित्रपट दाखवला. लोक घरी थांबावेत हा हेतू होता असे मानले जाते. तरीही मैदान भरले.

निकालात काँग्रेस 154 जागांवर आली. उत्तर प्रदेशातील 85 आणि बिहारमधील 54 जागांपैकी तिला एकही मिळाली नाही. जनता पक्ष आणि जगजीवनराम यांचा पक्ष मिळून 298 जागा झाल्या, पण त्यांत जगजीवनराम यांचे खासदार तीसच्या आतच होते.

हा 'तीसच्या आत' आकडा पुढच्या सगळ्या घटनांची किल्ली आहे.

पंतप्रधानपद दोनदा हुकले

मार्च 1977. पंतप्रधान कोण, यावर तीन नावे होती: मोरारजी देसाई, चरणसिंह आणि जगजीवनराम. खासदारांचे मतदान झाले नाही. निवड जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवण्यात आली. चरणसिंहांनी इस्पितळातून पत्र पाठवून मोरारजींना पाठिंबा दिला, कारण जगजीवनराम त्यांना नको होते. आणीबाणीचा ठराव मांडणारा माणूस पंतप्रधान कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता. युक्तिवादात तथ्य होते. पण उत्तरेतल्या शेतकरी जातींच्या राजकारणाला दलित पंतप्रधान किती पचला असता, हा प्रश्नही तितकाच खरा होता. मोरारजी पंतप्रधान झाले. जगजीवनराम शपथविधीला गेले नाहीत. काही दिवसांनी समजूत घालण्यात आली आणि ते संरक्षण मंत्री झाले. मे 1977 मध्ये त्यांनी आपला पक्ष जनता पक्षात विलीन केला.

संरक्षण मंत्री असतानाच जानेवारी 1978 मध्ये त्यांनी वाराणसीला संपूर्णानंद यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. ते निघून गेल्यावर काही सवर्ण विद्यार्थ्यांनी तो पुतळा गंगाजलाने धुतला. देशाच्या तिन्ही सैन्यदलांचा मंत्री असलेल्या माणसाच्या स्पर्शाने दगड बाटला! आऱ्याच्या शाळेतला माठ पन्नास वर्षांनी वाराणसीत पुन्हा ठेवला गेला होता.

याच काळात त्यांच्या कुटुंबाशी संबंधित एक खासगी प्रकरण एका मासिकाने छायाचित्रांसह छापले. त्यांच्या प्रतिमेला त्याचा फटका बसला आणि विरोधकांनी ते पुरेपूर वापरले. जानेवारी 1979 मध्ये चरणसिंह आणि जगजीवनराम दोघांनाही उपपंतप्रधान करण्यात आले.

जुलै 1979. यशवंतराव चव्हाणांनी मांडलेल्या अविश्वास ठरावाच्या वेळी जनता पक्ष फुटला आणि 15 जुलैला मोरारजींनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. त्याच वेळी मोरारजींनी संसदीय पक्षाचे नेतेपदही सोडले असते तर जगजीवनराम बहुमत जमवू शकले असते, असे अनेक अभ्यासक मानतात. मोरारजींनी ते सोडले नाही. 28 जुलैला चरणसिंह पंतप्रधान झाले. त्यानंतर जगजीवनराम जनता संसदीय पक्षाचे नेते झाले. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढल्याने लोकसभेला सामोरे न जाताच चरणसिंहांनी 20 ऑगस्टला राजीनामा दिला. जगजीवनराम यांनी सरकार बनवण्याचा दावा केला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी त्यांना बहुमत सिद्ध करण्याची संधी न देता 22 ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली.

जानेवारी 1980 च्या निवडणुकीत जनता पक्षाने त्यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून पुढे केले. पक्षाला अवघ्या 31 जागा मिळाल्या, इंदिरा काँग्रेसला 353. सासारामची आपली जागा मात्र जगजीवनराम यांनी राखली.

शेवटची वर्षे

1980 मध्येच ते जनता पक्ष सोडून देवराज अर्स यांच्या काँग्रेसमध्ये गेले. 1981 मध्ये तिथूनही बाहेर पडून काँग्रेस (जे) काढली. 1984 मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत त्यांच्या पक्षाचा एकच खासदार निवडून आला, ते स्वतः. 1952 ते 1984 या काळातील आठही लोकसभा निवडणुका त्यांनी जिंकल्या. पण 1977 नंतर त्यांच्यामागे उभी राहील अशी फळी दिसत नव्हती.

1985 मध्ये उत्तर प्रदेशातील बिजनौरला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्यांच्या कन्या मीरा कुमार काँग्रेसतर्फे उभ्या होत्या. समोर रामविलास पासवान आणि बहुजन समाज पक्षाच्या मायावती होत्या. मीरा कुमार जिंकल्या. वडील ज्या पक्षातून बाहेर पडले होते त्याच पक्षाच्या तिकिटावर मुलगी संसदेत गेली आणि पुढे 2009 मध्ये लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. हरलेल्या दोघांनी मात्र पुढे आपापल्या पक्षाच्या बळावर सत्तेशी सौदे केले.

या कारकिर्दीचा अर्थ

1982 मध्ये, पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, कांशीराम यांनी 'चमचा युग' हे पुस्तक लिहिले. संयुक्त मतदारसंघातून येणारा प्रतिनिधी समाजापेक्षा पक्षाला जास्त बांधील राहतो, हा त्यातला मुद्दा. आपले अनेक कार्यकर्ते जगजीवनराम यांना याच खणात टाकतात.

आमचे मत थोडे वेगळे आहे. चमच्याचा हिशेब लावला तर 2 फेब्रुवारी 1977 चा अर्थ लागत नाही. चमचा मालकाविरुद्ध उभा राहून सरकार पाडत नाही. रेल्वेतले बढतीचे आरक्षणही त्या शब्दात बसत नाही. जगजीवनराम यांच्याकडे बुद्धी होती, प्रशासनाची पकड होती, धाडसही होते. त्यांच्याकडे नव्हती ती स्वतःची संघटना. काँग्रेस सोडताना त्यांच्यासोबत मोठे नेते आले, पण गावोगावी त्यांच्या नावाने काम करणारी समाजाची फळी आली नाही, कारण चाळीस वर्षांत ती काँग्रेसच्याच नावाने उभी राहिली होती. जो होता तो लहान पक्षही तीन महिन्यांत त्यांनी विलीन करून टाकला. म्हणून 1977 मध्ये आणि 1979 मध्ये निर्णयाची वेळ आली तेव्हा त्यांच्या हाती नाराजी व्यक्त करण्याखेरीज काही उरले नाही. पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांनी मांडलेला धोका हाच होता: प्रतिनिधी आपला, पण त्याचा आधार दुसऱ्याच्या हातात.

दुसरीकडे, स्वतंत्र पक्ष असला की सगळे सुटते असेही नाही, हे महाराष्ट्राइतके कोणी जाणत नाही. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. 1967 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी काँग्रेसशी युती केली. बॅ. आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले. उत्तर प्रदेशात 1962 ला रिपब्लिकन तिकिटावर अलीगढ जिंकणारे बी. पी. मौर्य 1971 मध्ये काँग्रेसचे खासदार झाले. 1998 मध्ये प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चार रिपब्लिकन खासदार खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. ती एकजूट टिकली नाही. 2011 मध्ये आठवले शिवसेना-भाजप युतीसोबत गेले आणि 2016 मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाले. जगजीवनराम यांच्याकडे पद होते आणि पक्ष नव्हता. आपल्याकडे पक्षांची नावे भरपूर आहेत, पण संघटना?

पक्षांतर तपासण्याच्या चार कसोट्या

पक्षांतराविरुद्धचा कायदा 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने आला आणि 2003 मध्ये 91 व्या दुरुस्तीने त्यातली एक-तृतीयांश फुटीची सवलत काढली गेली. जगजीवनराम यांच्या वेळी हा कायदा नव्हता. पण कायदा फक्त सदस्यत्व जाते की राहते एवढेच पाहतो. समाजाने काय पाहावे, यासाठी आम्ही चार प्रश्न सुचवतो.

1. वेळ कोणती होती? 1977 मध्ये जगजीवनराम निवडणुकीच्या तोंडावर बाहेर पडले आणि नव्या झेंड्याखाली मतदारांपुढे गेले. मतदारांनी कौल दिला. 1980 मध्ये मात्र एका पक्षाच्या नावावर निवडून आल्यानंतर काही महिन्यांतच ते दुसऱ्या पक्षात गेले, मतदारांना न विचारता. एकाच नेत्याच्या या दोन पक्षांतरांना एकच माप लावता येत नाही.

2. काय सोडले आणि काय घेतले? 1977 मध्ये त्यांनी हातातले मंत्रिपद सोडले, समोर विजयाची खात्री नव्हती. पद सोडून जाणे आणि पदासाठी जाणे यांत फरक आहे.

3. सोबत कोण गेले? कार्यकर्ते गेले की फक्त गाड्यांचा ताफा? नेता गेल्यावर वस्तीतली शाखा, वाचनालय, अभ्यासवर्ग चालू राहिले का?

4. आधी गप्प का होते? 21 जुलै 1975 ते 2 फेब्रुवारी 1977 या काळातील मौनाचा हिशेब जगजीवनराम यांना कधीच नीट देता आला नाही. पंतप्रधानपदाच्या शर्यतीत तेच मौन त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. अन्याय दिसत असताना पदासाठी गप्प राहिलेल्या नेत्याला पुढे खरे बोलतानाही लोक अर्धेच खरे मानतात.

निवडणुका जवळ आल्या की आपल्या वस्त्यांत पक्षप्रवेशाचे मेळावे सुरू होतात. शाल, हार, फोटो आणि दुसऱ्या दिवशी फलक. त्या मेळाव्यात आपल्या ओळखीचे कोणी असेल तर त्याला शिव्या देण्याआधी किंवा हार घालण्याआधी हे चार प्रश्न समोर बसून विचारावेत. तरुणांनी जगजीवनराम वाचावेत, त्यांच्याशी भांडत वाचावेत. दिल्लीत 'समता स्थल' या नावाने त्यांचे स्मारक आहे. कारकिर्दीचा हिशेब मात्र स्मारकावर लिहिलेला नसतो, तो आपल्यालाच मांडावा लागतो.

जय भीम! नमो बुद्धाय!